आठ दिवस, पंधरा दिवस, परवा : इंग्रजीत वार, तारीख आणि मुदत कशी लिहायची

‘पाचपर्यंत पोचतो’ आणि ‘पाचपर्यंत थांबतो’ या दोन्ही वाक्यांत ‘पर्यंत’ एकच आहे. तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण पोचणं आणि थांबणं या क्रियापदांतूनच अर्थ कळतो. इंग्रजीत हा फरक क्रियापदावर सोडता येत नाही. पहिल्या वाक्याला ‘बाय फाइव्ह’ लागतं, दुसऱ्याला ‘टिल फाइव्ह’. ‘आय विल बी इन द ऑफिस बाय फाइव्ह’ म्हणजे उशिरात उशिरा पाचला मी तिथे पोचलेला असेन. ‘आय विल बी इन द ऑफिस टिल फाइव्ह’ म्हणजे पाचला मी तिथून निघेन. पाचला कुलूप लावून निघणाऱ्या रावेरच्या केळी व्यापाऱ्याने मुंबईच्या निर्यातदाराला चुकून पहिलं वाक्य पाठवलं, तर निर्यातदाराचा माणूस सव्वापाचला येऊन बंद दाराशी उभा राहील.

कसोटी सोपी आहे. काम एकदाच होऊन संपणारं असेल (फॉर्म भरणं, पैसे पाठवणं, पोचणं) तर ‘बाय’. काम तोवर चालूच राहणार असेल (थांबणं, राहणं, दुकान उघडं असणं) तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. म्हणून ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे’ हे कॉलेजच्या नोटिशीत नेहमी दिसणारं वाक्य चूक आहे. फॉर्म शुक्रवारपर्यंत देतच बसायचा नसतो. ‘बाय फ्रायडे’ लिहायचं. त्यात शुक्रवार धरलेला असतो. शुक्रवार धरायचा नसेल तर ‘बिफोर फ्रायडे’, म्हणजे शेवटचा दिवस गुरुवार.

नकारात ‘अनटिल’ आलं की अर्थ थोडा वळतो. ‘द मनी वोंट कम अनटिल फ्रायडे’ याचा अर्थ शुक्रवारशिवाय पैसे येणार नाहीत, पण शुक्रवारी येतील. ‘बाय फ्रायडे’ घातलं तर शुक्रवार उलटला तरी पैसे आलेले नसतील, असा अर्थ होतो. पैशाच्या व्यवहारात हा फरक लहान नाही.

या लेखातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. मराठी माणूस काळ प्रत्ययांनी आणि शब्दयोगी अव्ययांनी सांगतो : ला, त, नी, पासून, पर्यंत, पूर्वी, नंतर, भर, आड. त्यातल्या एकेकाला इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन जोड्या आहेत आणि कोणती निवडायची हे मराठी शब्द सांगत नाही. ‘पासून म्हणजे सिन्स’ असं पाठ केलं की निम्म्या वेळा चुकतं. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी आणि नोकरीत इंग्रजी अशा वळणाने आलेल्या खान्देशातल्या मुलामुलींना इंग्रजीचं व्याकरण येत नाही असं नसतं. सवय शब्दाला शब्द ठेवण्याची लागलेली असते. शब्दाऐवजी प्रसंग पाहावा : घड्याळातला क्षण आहे, एखादा दिवस आहे, की लांब पसरलेला काळ?

या तीन आकारांवरच ‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’ बेतलेले आहेत. घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’ : ‘ॲट टेन थर्टी’, ‘ॲट नून’. दिवस किंवा तारीख असेल तर ‘ऑन’ : ‘ऑन मंडे’, ‘ऑन १ मे’. दिवसाहून मोठा काळ असेल तर ‘इन’ : महिना, ऋतू, वर्ष, दशक, शतक. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन ‘इन डिसेंबर १९३६’ झालं, ‘इन १९३६’ झालं, ‘इन द नाइन्टीन थर्टीज’ झालं. पण त्यातला एखादा दिवस सांगायला गेलात की लगेच ‘ऑन’ आलं.

दिवसाचे भाग या नियमाला थोडे चुकवतात. ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द आफ्टरनून’, ‘इन द इव्हनिंग’, पण ‘ॲट नाइट’. भागाला वार जोडला की वाराचं चालतं : ‘ऑन मंडे मॉर्निंग’, ‘ऑन सॅटर्डे नाइट’. ‘इन मंडे मॉर्निंग’ कधीच नाही. शनिवार-रविवारला मिळून ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. दोन्ही बरोबर, एकाच पत्रात एकच ठेवा.

सणांचं काय? सणाचा नेमका दिवस असेल तर ‘ऑन’, सणाच्या आसपासचे दिवस असतील तर ‘ॲट’. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा ‘ऑन दत्त जयंती’ सुरू होते. बाजार ‘ॲट दिवाली’ गजबजतात. लेक माहेरी येते ती ‘फॉर आखाजी’ (खान्देशातली अक्षय्य तृतीया), कारण तिथे सण हे येण्याचं निमित्त आहे. खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाचं सांगायचं झालं तर श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी स्थापना आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन. इंग्रजीत : ‘कानबाई इज इन्स्टॉल्ड ऑन द फर्स्ट संडे आफ्टर नागपंचमी अँड इमर्स्ड द नेक्स्ट डे’. या ‘दुसऱ्या दिवशी’वर जरा थांबा. त्याचं ‘ऑन द अदर डे’ करू नका. ‘द अदर डे’ म्हणजे ‘परवा-तेरवा कधीतरी’, होऊन गेलेला एखादा दिवस. ‘ऑन द सेकंड डे’ तेव्हाच चालतं जेव्हा कार्यक्रमाचे दिवस पहिला, दुसरा, तिसरा असे मोजलेले असतील.

आणखी एक बारकावा. ‘धिस’, ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘एव्हरी’ यांच्याआधी आणि ‘टुडे’, ‘टुमॉरो’, ‘यस्टरडे’ यांच्याआधी ॲट, ऑन, इन काहीच लागत नाही. ‘ऑन लास्ट मंडे’, ‘ऑन टुमॉरो’, ‘इन नेक्स्ट मंथ’ ही मराठीच्या ‘ला’ आणि ‘त’ची सावली आहे. त्याच सावलीत ‘टुडे मॉर्निंग’ आणि ‘यस्टरडे नाइट’ वाढले. आज सकाळी म्हणजे ‘धिस मॉर्निंग’. आज रात्री म्हणजे ‘टुनाइट’. काल रात्री म्हणजे ‘लास्ट नाइट’. मात्र काल सकाळी ‘यस्टरडे मॉर्निंग’ आणि उद्या सकाळी ‘टुमॉरो मॉर्निंग’ हेच बरोबर. यामागे शोधण्यासारखं तत्त्व नाही, भाषेत जे रुळलं ते रुळलं. पाच-सहा शब्द आहेत, पाठ करून टाका.

‘पासून’चे तीन रस्ते

चुका सर्वात जास्त इथे होतात, म्हणून सावकाश पाहू.

मराठीत ‘२०२२ पासून’ म्हणतात आणि ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतात. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. स्वतःला प्रश्न विचारा. ‘कधी?’ या प्रश्नाला उत्तर मिळत असेल, म्हणजे आरंभबिंदू हाती असेल, तर ‘सिन्स’ : ‘सिन्स २०२२’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स दिवाली’, ‘सिन्स माय चाइल्डहुड’. ‘किती?’ या प्रश्नाला उत्तर मिळत असेल, म्हणजे लांबी हाती असेल, तर ‘फॉर’ : ‘फॉर टू इयर्स’, ‘फॉर थ्री वीक्स’. ‘सिन्स टू इयर्स’ ही मुलाखतीत पटकन कानाला खटकणारी चूक आहे.

पण अर्धं काम अजून बाकी आहे. मराठीत आपण ‘मी २०१५ पासून जळगावात राहतो’ असा साधा वर्तमानकाळ वापरतो. इंग्रजीत गोष्ट मागे सुरू होऊन आजवर चालू असेल तर काळ बदलतो : ‘आय हॅव लिव्ह्ड इन जळगाव सिन्स २०१५’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. ‘आय ॲम लिव्हिंग इन जळगाव सिन्स २०१५’ हे मराठीच इंग्रजी शब्दांत आहे. ‘सिन्स’ दिसलं की मागे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आहे का ते शोधा. ‘फॉर’च्या बाबतीत जपून. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर सिक्स इयर्स’ म्हणजे अजून तिथेच आहे. ‘आय वर्क्ड देअर फॉर सिक्स इयर्स’ म्हणजे सोडलं. अर्जात या एका ‘हॅव’मुळे तुम्ही अजून जुन्या नोकरीत आहात की नाही हे ठरतं.

नंदुरबार जिल्हा हे याचं चांगलं उदाहरण. एकच माहिती, पण वाक्य बदललं की जोडशब्द बदलतो. ‘नंदुरबार बिकेम अ सेपरेट डिस्ट्रिक्ट ऑन १ जुलै १९९८.’ ‘इट वॉज पार्ट ऑफ धुळे डिस्ट्रिक्ट अनटिल १९९८.’ ‘इट हॅज बीन अ सेपरेट डिस्ट्रिक्ट सिन्स १९९८.’ दिवस, शेवट, सुरुवात. तिन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा.

तिसरा रस्ता ‘फ्रॉम’चा. सुरुवात पुढे असेल किंवा दोन्ही टोकं माहीत असतील तर ‘फ्रॉम’ : ‘फ्रॉम १० टू १२ जून’, ‘द न्यू रेट्स विल अप्लाय फ्रॉम मंडे’. ‘सिन्स’ भविष्याला कधीच लागत नाही. मात्र ‘परीक्षा सोमवारपासून सुरू होणार’ याचं ‘द एक्झाम स्टार्ट्स फ्रॉम मंडे’ करू नका. सुरू होणं हा एका दिवशीचा प्रसंग आहे, म्हणून ‘स्टार्ट्स ऑन मंडे’.

‘मला इथे येऊन दहा वर्षं झाली’, ‘पाऊस पडून तीन आठवडे झाले’ या मराठी वळणालाही इंग्रजीत स्वतःची वाट आहे : ‘इट हॅज बीन थ्री वीक्स सिन्स इट रेन्ड’. इथे लांबी आधी येते आणि ‘सिन्स’नंतर तो प्रसंग येतो. ‘बिकेम थ्री वीक्स’ असं ‘झाले’चं भाषांतर करायचं नाही.

पूर्वी, नंतर, नी, त

‘दोन दिवसांपूर्वी माल पाठवला’ याचं ‘बिफोर टू डेज’ होत नाही. आत्तापासून मागे मोजायचं असेल तर ‘टू डेज अगो’, आणि त्याबरोबर साधा भूतकाळ : ‘वी सेंट द गुड्स टू डेज अगो’. ‘वी हॅव सेंट द गुड्स टू डेज अगो’ चूक, कारण ‘हॅव’ आजशी नातं जोडतं आणि ‘अगो’ ते तोडतं. भूतकाळातल्याच दुसऱ्या प्रसंगापासून मागे मोजायचं असेल तर मात्र ‘बिफोर’ : गारपीट मंगळवारी झाली, आम्ही त्याच्या दोन दिवस आधीच घड कापले होते, ‘वी हॅड कट द बंचेस टू डेज बिफोर द हेलस्टॉर्म’.

पुढच्या काळाचंही तसंच. ‘दोन दिवसांनी फोन करतो’ हे ‘आफ्टर टू डेज’ नव्हे, ‘इन टू डेज’. गोष्ट भूतकाळातली असेल तर ‘टू डेज लेटर’. ‘आफ्टर’ हे प्रसंगाला शोभतं : ‘आफ्टर द मीटिंग’, ‘आफ्टर दिवाली’.

आता खरी अडचण. ‘इन थ्री डेज’ हे ‘तीन दिवसांनी’साठीही येतं आणि ‘तीन दिवसांत’साठीही. ‘वी फिनिश्ड द वर्क इन थ्री डेज’ म्हणजे काम तीन दिवसांत उरकलं. ‘आय विल कॉल यू इन थ्री डेज’ म्हणजे तीन दिवसांनी. मराठीत ‘त’ आणि ‘नी’ वेगळे असल्यामुळे आपल्याला हा प्रश्नच पडत नाही, म्हणून आपण बेसावध राहतो. ‘पेमेंट इन थ्री डेज’ असं बिलावर लिहिलं तर पैसे देणारा तिसरा दिवस उगवायची वाट पाहील. मुदत सांगायची असेल तेव्हा ‘विदिन’ वापरा आणि कशापासून मोजायचं तेही लिहा : ‘विदिन थ्री डेज ऑफ डिलिव्हरी’. मोजणीचा आरंभ लिहिला नाही तर पावतीच्या तारखेपासून की माल उतरल्यापासून, यावर वाद होतो.

आठ दिवस म्हणजे सात, पंधरा म्हणजे चौदा

गावचा आठवडे बाजार मंगळवारी असेल तर पुढचा बाजार ‘आठ दिवसांनी’. पण मंगळवार ते मंगळवार सातच दिवस होतात. आपण मोजताना दोन्ही टोकांचे मंगळवार धरतो, म्हणून आठ. ‘आठवडा’ या शब्दातही तोच आठ बसला आहे. ‘पंधरा दिवसांनी’चंही तेच : दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस. मराठीत बोलताना कोणी फसत नाही. पण ‘आठ दिवसांनी या’चं ‘कम इन एट डेज’ केलं की इंग्रजी वाचणारा आठ मोजतो आणि बुधवारी येतो.

म्हणून ‘आठ दिवसांनी’ म्हणजे ‘इन अ वीक’. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे ‘इन टू वीक्स’ किंवा ‘इन अ फोर्टनाइट’. फोर्टनाइट हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘चौदा रात्री’पासून आला. तिकडे रात्री मोजल्या, इकडे दिवस, म्हणून चौदा आणि पंधरा. हा शब्द ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे चालतो. अमेरिकेत फारसा बोलला जात नाही, तिकडे लिहिताना ‘टू वीक्स’ बरं. मात्र करारात किंवा सरकारी नोटिशीत ‘पंधरा दिवसांच्या आत’ असं आकड्याने लिहिलेलं असेल तर तिथे पंधराच धरायचे, ‘विदिन फिफ्टीन डेज’. बोलण्यातले पंधरा आणि कागदावरचे पंधरा वेगळे असतात, हे कागद भाषांतरित करणाऱ्याने कधीही विसरू नये.

‘परवा’ हा मराठीतला सुंदर शब्द मागेही जातो आणि पुढेही. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात : होऊन गेलेला परवा ‘द डे बिफोर यस्टरडे’, येणारा परवा ‘द डे आफ्टर टुमॉरो’. फोनवर ‘परवा आलो होतो’ किंवा ‘परवा येतो’ म्हटलं की क्रियापद सांभाळून घेतं. पण ‘परवाची मीटिंग’ असं नुसतं म्हटलं तर मराठीतही प्रश्न पडतो, आणि भाषांतर करणाऱ्याने अंदाजाने एक बाजू धरली तर चार दिवसांची चूक होते. ‘तेरवा’ला इंग्रजीत शब्दच नाही. ‘थ्री डेज अगो’ किंवा ‘इन थ्री डेज’ म्हणा, त्याहून चांगलं म्हणजे वार सांगा. ‘नेक्स्ट टू नेक्स्ट वीक’ आणि ‘लास्ट टू लास्ट वीक’ हे आपल्याकडे घडलेले प्रकार आहेत. बाहेरच्या वाचकासाठी ‘द वीक आफ्टर नेक्स्ट’ आणि ‘द वीक बिफोर लास्ट’ असं लिहा.

‘आड’चं गणित पाण्याच्या पाळीवर समजून घेऊ, कारण उन्हाळ्यात हा शब्द घरोघरी असतो. दिवसाआड पाणी म्हणजे सोमवारी आलं, मंगळवारी नाही, बुधवारी आलं. इंग्रजीत ‘एव्हरी अदर डे’ किंवा ‘ऑन ऑल्टरनेट डेज’. दोन दिवसाआड म्हणजे सोमवारी आलं, मंगळवार-बुधवार कोरडे, गुरुवारी आलं. ते ‘एव्हरी थर्ड डे’ किंवा ‘एव्हरी थ्री डेज’ होतं. ‘एव्हरी टू डेज’ लिहिलं तर ते पुन्हा दिवसाआडच झालं. मराठीतला आकडा मधले रिकामे दिवस मोजतो, इंग्रजीतला आकडा फेरीची लांबी मोजतो. म्हणून इंग्रजीत नेहमी एकाची भर. ठिबकच्या खताचं वेळापत्रक, औषधाची चिठ्ठी, कामगारांची पाळी, सगळीकडे ही भर लक्षात ठेवा. आणि ‘बायवीकली’ हा शब्द टाळाच. तो आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा अशा दोन्ही अर्थांनी इंग्रजी बोलणारेच वापरतात. ‘ट्वाइस अ वीक’ किंवा ‘वन्स इन टू वीक्स’ लिहिलं की शंका उरत नाही.

अंदाज सांगायची आपली रीतही वेगळी. ‘चार-पाच दिवस लागतील’ याचं ‘फोर-फाइव्ह डेज’ करू नका. ‘फोर ऑर फाइव्ह डेज’ म्हणा. ‘पाचेक दिवस’ म्हणजे ‘अबाउट फाइव्ह डेज’. ‘दिवसभर’ म्हणजे ‘ऑल डे’, तिथे ‘होल’ वापरायचं तर ‘द होल डे’.

घड्याळ आणि रात्रीचे बारा

सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच या शब्दांनी मराठी घड्याळ श्रीमंत आहे. सव्वापाच ‘क्वार्टर पास्ट फाइव्ह’, साडेपाच ‘हाफ पास्ट फाइव्ह’, पावणेपाच ‘क्वार्टर टू फाइव्ह’. ब्रिटिश माणूस ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर ते साडेपाच आहेत, साडेचार नाहीत. तासांची लांबी सांगताना पाऊण तास ‘फोर्टी-फाइव्ह मिनिट्स’, सव्वा तास ‘अॅन अवर अँड अ क्वार्टर’, दीड तास ‘अॅन अवर अँड अ हाफ’ किंवा ‘वन अँड अ हाफ अवर्स’. या शेवटच्यात ‘अवर्स’ अनेकवचनी. एकापेक्षा जास्त झालं की इंग्रजीत अनेकवचन, मग ते दीडच का असेना.

आता भुसावळ स्टेशनवर नेहमी होणारी चूक. गाडी रात्री साडेबाराची आहे आणि तिकिटावर तारीख १२ आहे. प्रवासी १२ तारखेचं जेवण उरकून रात्री स्टेशनवर येतो. गाडी मात्र जवळपास चोवीस तासांपूर्वी गेलेली असते. रेल्वेच्या चोवीस ताशी घड्याळात तो वेळ १२ तारखेचे ००.३० आहे, म्हणजे ११ तारखेच्या रात्री बारानंतरचा अर्धा तास. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे मनात ती रात्र आदल्या वाराचीच असते. घड्याळाची तारीख मध्यरात्री बदलते. पाहुण्याला इंग्रजीत कळवताना ‘मंडे नाइट, ट्वेल्व्ह थर्टी’ एवढंच लिहू नका. ‘ॲट १२.३० ए. एम. ऑन ट्यूसडे, दॅट इज, लेट ऑन मंडे नाइट’ असं दोन्ही बाजूंनी बांधा. वाक्य लांबतं, पण माणूस चुकत नाही.

दुपारच्या बाराला ‘१२ पी. एम.’ आणि रात्रीच्या बाराला ‘१२ ए. एम.’ म्हणतात. हे उलटसुलट होतं म्हणून ‘नून’ आणि ‘मिडनाइट’ लिहिणं बरं. मुदतीसाठी ‘मिडनाइट’ही धोक्याचं, कारण शुक्रवारची मध्यरात्र म्हणजे शुक्रवार सुरू होतानाची की संपतानाची, हे वाचणाऱ्यावर राहतं. ‘११.५९ पी. एम. ऑन फ्रायडे’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

गाडीचाच विषय आहे तर आणखी एक जोडी : गाडी ‘ऑन टाइम’ आली म्हणजे ठरल्या वेळी आली. आपण ‘इन टाइम’ पोचलो म्हणजे गाडी सुटायच्या आत, हाताशी थोडा वेळ ठेवून पोचलो.

रजेचा अर्ज

रजेच्या अर्जात आतापर्यंतचं जवळपास सगळं एकत्र येतं. नेहमी दिसणारं वाक्य असं : ‘आय वॉन्ट थ्री डेज लीव्ह सिन्स १० जून टिल १२ जून’. नीट केलेलं : ‘आय रिक्वेस्ट थ्री डेज लीव्ह फ्रॉम १० टू १२ जून, बोथ डेज इन्क्लूसिव्ह. आय विल रिझ्यूम वर्क ऑन १३ जून.’ ‘सिन्स’ गेलं, कारण रजा अजून सुरू झालेली नाही. ‘बोथ डेज इन्क्लूसिव्ह’ आलं, कारण १० ते १२ यात दिवस दोन की तीन हे कार्यालयाला विचारावं लागू नये. परतण्याची तारीख वेगळी लिहिली, कारण ‘ऑन लीव्ह टिल १२ जून’ म्हटलं तर १२ ला माणूस कामावर आहे की घरी, हे कळत नाही. अमेरिकन कंपनीत असाल तर ‘जून १० थ्रू जून १२’ लिहा. तिथे ‘थ्रू’मध्ये शेवटचा दिवस धरलेलाच असतो.

‘थ्री डेज लीव्ह’ बोलताना ऐकू येत नाही अशी एक खूण लिहिताना लागते : ‘डेज’मधल्या एसनंतर वर, ॲपॉस्ट्रॉफी. एक दिवसाची रजा असेल तर ती खूण वायच्या पुढे आणि एसच्या आधी. ती हवी की नको हे ताडून पाहायचं तर ‘लीव्ह ऑफ थ्री डेज’ असं उलटं म्हणून पाहा. अर्थ तोच राहिला तर खूण हवी. ‘टू वीक्स नोटिस’, ‘सिक्स मंथ्स सॅलरी’ यांनाही तशीच.

‘तीन दिवसांचं शिबिर’ मात्र वेगळ्या वाटेने जातं : ‘अ थ्री-डे कॅम्प’. एस नाही, ॲपॉस्ट्रॉफी नाही, मध्ये आडवी छोटी रेघ. लांबी जेव्हा नामाआधी विशेषण बनून बसते तेव्हा ती एकवचनी राहते. लक्षात ठेवायला आपलाच ‘तीनदिवसीय शिबिर’ हा शब्द आठवा, त्यातही ‘दिवस’ला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. केळीच्या रोपांबद्दल लिहिताना ‘टू-मंथ-ओल्ड प्लांट्स’, पण वाक्याच्या शेवटी आलं तर ‘द प्लांट्स आर टू मंथ्स ओल्ड’. क्रियापदाआधी काळाची रक्कम एकगठ्ठा धरली तर तीही एकवचनी : ‘टेन डेज इज इनफ’.

खान्देशी शेतीची काळमापनंही थेट उतरत नाहीत. ‘मृग बाग’ला ‘मृग गार्डन’ म्हणून काही उपयोग नाही. ‘बनानाज प्लँटेड इन जून अँड जुलै’ लिहा. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, बाहेरच्या खरेदीदाराला महिना सांगावा लागतो.

आकड्यांची तारीख

५/६ म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ५ जून, अमेरिकेत ६ मे. दिवसाचा आकडा १२ च्या पुढे गेला की चूक लगेच दिसते, बाराच्या आत असला की महिनाभर कळत नाही. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या पत्रात महिना अक्षरांत लिहावा. लिहिताना ‘५ जून’, वाचताना ‘द फिफ्थ ऑफ जून’. लिहिण्यात ‘द’ आणि ‘ऑफ’ लागत नाहीत. वार आणि महिने यांचं पहिलं अक्षर मोठं, ऋतूंचं लहान. दर सोमवारी भेटायचं असेल तर ‘ऑन मंडेज’, एकाच सोमवारी तर ‘ऑन मंडे’.

‘नेक्स्ट मंडे’ हा वादाचा शब्द आहे. बुधवारी कोणी ‘नेक्स्ट मंडे’ म्हणाला तर काहींना येता सोमवार वाटतो, काहींना त्याच्या पुढचा. येत्या सोमवारसाठी ‘धिस कमिंग मंडे’ म्हणता येतं आणि ब्रिटिश माणूस ‘मंडे वीक’ म्हणाला तर तो सोमवार सोडून पुढचा सोमवार आहे. पण भेट, परीक्षा, गाडी, सौदा यांपैकी काही असेल तर असे शब्द सोडा आणि वार, तारीख, महिना, वर्ष, वेळ सगळं एकत्र द्या : ‘ऑन मंडे, १० जून २०२४, ॲट ११ ए. एम.’ इथे वार उगाच लिहिलेला नाही. तारखेचा एखादा आकडा चुकला तर वार जुळत नाही, आणि वाचणारा निघण्याआधीच फोन करून विचारतो.